बंगारम : प्रवाळांनी बांधलेले बेट

लक्षद्वीपच्या सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती सुमारे ३२ चौरस किलोमीटरच भरते. पण या बेटांमुळे भारताच्या वाट्याला आलेला समुद्र सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातील मासे, खनिजे वगैरे संपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो, हे आपल्याला भूगोलात शिकवतात. हा हक्क मोजायचा तर सुरुवात जमिनीपासून करावी लागते. लक्षद्वीपमध्ये ती जमीन कोणी तयार केली? डाळीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान प्राण्यांनी.

मित्रांनो, मी डिसेंबरच्या सुट्टीत आई, बाबा आणि धाकट्या बहिणीबरोबर बंगारम या बेटावर तीन दिवस राहून आलो. परत आल्यावर हॉस्टेलमध्ये प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "शार्क दिसला का?" दिसला, पण तो हाताएवढा होता. त्याच्याबद्दल पुढे लिहितो. आधी बेटाबद्दल लिहायला हवे, कारण पाण्याखाली काय दिसते हे कळण्यासाठी पायाखाली काय आहे हे कळावे लागते.

प्रवासाचे फार सांगत नाही. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो, तो बाबांनी आधीच काढला होता. कोचीहून लहान विमानाने अगत्ती. तिथली धावपट्टी बेटाच्या निमुळत्या टोकावर आहे; खिडकीतून दोन्ही बाजूंना पाणीच दिसते आणि विमान समुद्रातच उतरते आहे असे शेवटपर्यंत वाटते. अगत्तीहून बोटीने तासाभरात बंगारम. नारळाची झाडे, पांढरी वाळू, राहण्याच्या खोल्या, एवढेच. आपल्या सकाळच्या क्रॉस-कंट्रीला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बेटाला फेरी मारून होते. मी रोज सकाळी मारली.

लक्षद्वीपची एकूण बेटे ३६, त्यातली कायम वस्तीची १०. बहुतेक बेटांवर मल्याळमची एक बोली बोलतात, फक्त मिनिकॉयला मालदीवच्या भाषेशी नाते असलेली महल बोलतात. आपली शाळा केरळात असल्यामुळे मला मोडके-तोडके मल्याळम येते, त्याचा इथे फार उपयोग झाला. आम्हाला पाण्यात नेणारे गाईड अगत्तीचे होते. त्यांना आम्ही 'इक्का' म्हणत असू, म्हणजे थोरला भाऊ. बाबाही त्यांना इक्काच म्हणू लागले, वयाने बाबा मोठे असूनही.

आता बेट कसे तयार झाले ते सांगतो. बीगल जहाजावरून १८३१ ते १८३६ या काळात जगप्रवास केलेल्या चार्ल्स डार्विनला एक कोडे पडले होते. बांधकाम करणाऱ्या प्रवाळांना भरपूर सूर्यप्रकाश लागतो, त्यामुळे ते उथळ पाण्यातच वाढतात. मग हजारो मीटर खोल समुद्राच्या मधोमध प्रवाळाची वर्तुळे आली कशी? डार्विनने १८४२ च्या पुस्तकात उत्तर मांडले. समुद्रात ज्वालामुखीचे बेट तयार होते. त्याच्या कडेने उथळ पाण्यात प्रवाळ वाढतात. पुढे ज्वालामुखी थंड होतो आणि लाखो वर्षे हळूहळू खाली खचत जातो. प्रवाळ मात्र उजेड सोडत नाहीत. जमीन जेवढी खचेल तेवढे ते वर बांधत जातात, जुन्या सांगाड्यांवर नवे. शेवटी डोंगर पाण्याखाली जातो आणि त्याच्या भोवतीचे कडे तेवढे उरते. हेच कंकणद्वीप. मधल्या शांत, उथळ पाण्याला आपल्या पुस्तकात खाजण म्हणतात. (कोकणातले खाजण म्हणजे चिखल आणि कांदळवन. बंगारमचे खाजण पाहिल्यावर दोघांना एकच शब्द वापरणे मला जिवावर आले. इथून पुढे मी लगून म्हणेन.)

डार्विनचे म्हणणे खरे की खोटे हे त्याच्या हयातीत ठरले नाही. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक या कंकणद्वीपावर खोल भोक पाडले, तेव्हा बाराशे मीटरहून अधिक जाडीच्या प्रवाळी चुनखडीखाली काळा ज्वालामुखीचा खडक लागला. एवढ्या जाडीचे बांधकाम, आणि ते करताना एकही प्रवाळ उजेड सोडून खाली गेलेला नाही.

आपल्या मराठी पानासाठी यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली पृथ्वीच्या पोटातला एक तप्त बिंदू आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड त्यावरून सरकत होता, तेव्हा लाव्हाचे प्रचंड थर साचून दख्खनचे पठार झाले. भूखंड पुढे उत्तरेकडे सरकला, बिंदू जागीच राहिला आणि मागे ज्वालामुखींची एक लांब माळ उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्या समुद्रातल्या डोंगररांगेवर उभे आहेत ती या माळेचा भाग मानली जाते. म्हणजे सज्जनगड ज्या काळ्या कातळावर उभा आहे आणि बंगारम ज्या पायावर उभे आहे, त्यांचा उगम एकाच भट्टीतला. साताऱ्याच्या माणसाला समुद्रात परके वाटायचे कारण नाही, असे मी बाबांना म्हटले. ते म्हणाले, "मग पोहून दाखव."

प्रवाळ म्हणजे काय, याबद्दल बराच गोंधळ असतो. आईच्या मनात आधी पोवळ्याची अंगठी आली. अंगठीतले लाल पोवळेही प्रवाळाच्या सांगाड्याचेच असते, पण ती जात वेगळी, ती बेटे बांधत नाही. बेटे बांधणारा प्रवाळ दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. तळाला चिकटलेली एक इवलीशी पिशवी, वर तोंड, तोंडाभोवती नाजूक शुंडके. असा एकेक प्राणी समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम घेऊन स्वतःखाली चुनखडीची वाटी तयार करतो. असे हजारो शेजारी-शेजारी राहतात आणि त्यांची मिळून एक वसाहत होते. आपल्याला जो 'खडक' दिसतो तो त्यांचा हॉस्टेल ब्लॉक. जिवंत आहे फक्त बाहेरची पातळ कातडी.

या कातडीच्या आत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा भाग घरमालकाला देते. काही प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज यातून भागते. बदल्यात शैवालाला राहायला सुरक्षित जागा आणि खत मिळते. प्रवाळांचा तपकिरी, हिरवट, पिवळसर रंग पुष्कळसा या भाडेकरूंमुळेच असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रवाळ वाढतो किती? गोलसर, भरीव जातीचा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. फांद्या फुटणारे प्रवाळ याहून भराभर, काही वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात, पण ते मोडतातही लवकर. बंगारमच्या लगूनमध्ये इक्कांनी आम्हाला एक घुमटासारखा गोल प्रवाळ दाखवला. आपल्या डॉर्मिटरीतली खाट त्याच्यावर ठेवली तर ती बाहेर आली नसती. मनातल्या मनात हिशेब केला, मध्यापासून कडेपर्यंत एक मीटर म्हटले तरी शंभर वर्षे. तो वाढू लागला तेव्हा आपली शाळा तर नव्हतीच, स्वतंत्र भारतही नव्हता. फिन्सची एक लाथ बसली तर त्याच्यावरची जिवंत कातडी खरवडली जाते.

बेटावरची वाळूही प्रवाळांचीच. लाटांनी मोडलेले प्रवाळ, शिंपले, चुना साठवणारी शैवाले आणि पोपटमासा. या माशाचे दात एकमेकांना जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. तो खडकावरचे शैवाल खरवडून खातो, त्याबरोबर चुनखडीही पोटात जाते, ती दळली जाते आणि मागून पांढरी वाळू बाहेर पडते. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. माझ्या बहिणीला हे सांगितल्यावर तिने दोन तास चप्पल काढली नाही. पाण्यात डोके घातल्यावर सगळ्यात आधी कानावर येतो तो याच माशांच्या चावण्याचा आवाज, कुरमुरे खाल्ल्यासारखा. समुद्राचा तळ शांत असेल अशी माझी समजूत होती.

गोड्या पाण्याची गोष्टही सांगितली पाहिजे. समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच, नदी नाही, तलाव नाही, चारी बाजूंना खारे पाणी. तरी वस्तीच्या बेटांवर विहिरी असतात. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी हलके. मधे जाड आणि कडेला पातळ, भिंगासारखा त्याचा थर असतो. भरती-ओहोटीबरोबर विहिरीची पातळीही वर-खाली होते. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर बिघडते. म्हणूनच कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प उभारला. वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली उकळवायचे आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने त्याची वाफ परत द्रवात आणायची, असे ते यंत्र. रोज एक लाख लिटर क्षमतेचे. दाब कमी केला की पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते, हा नववीतला धडा इथे माणसांची तहान भागवतो.

आता पाण्यात उतरू. स्नॉर्कलिंगला डायव्हिंगसारखी हवेची टाकी लागत नाही. डोळ्यांवर आणि नाकावर बसणारा मास्क, तोंडात धरायची वाकडी नळी म्हणजे स्नॉर्कल, आणि पायांत फिन्स. पालथे तरंगायचे, तोंड पाण्यात, नळीचे टोक हवेत. नाक मास्कमध्ये बंद असल्यामुळे तोंडानेच श्वास घ्यावा लागतो आणि पहिली पाच मिनिटे मेंदू ते ऐकत नाही. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी फासून काच विसळायची. आईने याला साफ नकार दिला आणि दर दोन मिनिटांनी मास्क काढून पुसत बसली. शेवटी तिनेही थुंकी लावली, पण आमच्याकडे पाठ करून.

माझ्या एका वर्गमित्राने विचारले होते की नळी दोन मीटर लांब केली तर खोल जाऊन आरामात श्वास घेता येईल ना? नाही. एक मीटर खोलीवर पाण्याचा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.१ किलो असतो. छातीचा पुढचा भाग एक चौरस फूट धरला तर त्यावर सुमारे ९० किलो वजन होते. नळीतून फुप्फुसात आलेली हवा मात्र पृष्ठभागावरच्या दाबाची, म्हणजे आतून आधार काहीच नाही. पूर्ण पिठ्ठू लावलेला जवान छातीवर उभा आहे आणि आपल्याला श्वास घ्यायचा आहे, असा तो प्रकार. शिवाय सोडलेली हवा लांब नळीतच राहते आणि तीच परत आत येते. साध्या श्वासात आपण अर्धा लिटरच हवा घेतो, मग नळीच लिटरभराची असेल तर ताजी हवा पोहोचायची कशी? म्हणून स्नॉर्कल वीतभराहून थोडीशीच मोठी असते, आणि तिच्यातूनही लांब, संथ श्वास घ्यायचे असतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची, आणि ती मी खास आपल्या कॅडेट मित्रांसाठी लिहितो आहे, कारण आपल्याला स्पर्धा लावायची खोड आहे. स्विमिंग पूलमध्ये कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो, ही पैज प्रत्येक हाउसमध्ये लागते. बुडी मारण्याआधी काही जण भराभर वीस-तीस जोराचे श्वास घेतात. त्यांना वाटते की शरीरात जास्त ऑक्सिजन भरला. तसे होत नाही. साध्या श्वासातही रक्त ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलेच असते. भराभर श्वासाने कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि 'आता वर ये, श्वास घे' ही तडफड आपल्याला ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. म्हणजे धोक्याची घंटाच काढून टाकल्यासारखे झाले. ऑक्सिजन संपत जातो, काहीही जाणवत नाही, आणि माणूस पाण्याखाली एकदम बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारेच यात जास्त सापडतात, कारण न पोहणारा तेवढा वेळ खाली राहतच नाही. इक्कांनी पहिल्याच दिवशी मला आणि बाबांना समोर बसवून हे सांगितले. त्यांचा नियम सोपा होता, एक बुडी मारेल तेव्हा दुसरा वरून पाहील. दोघे एकदम खाली जाणार नाहीत. आपल्या बडी सिस्टीमसारखेच.

समुद्र पूलसारखा नसतो, हेही तिथे कळते. लगूनमधले पाणी ओहोटीला ठराविक वाटांनी बाहेर पडते आणि त्या वाटांजवळ ओढ जबरदस्त असते. वरून पाणी आरशासारखे शांत दिसते. म्हणून कुठे उतरायचे आणि कधी, हे तिथल्याच माणसाला विचारायचे. लाइफ जॅकेट घालण्यात कमीपणा नाही. उलट त्यामुळे पाय खाली जात नाहीत आणि प्रवाळाला लागत नाहीत.

पाण्याखाली वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात, कारण प्रकाश पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना वाकतो. बहिणीने "मोठा शार्क!" म्हणून ओरडून माझा हात पकडला तो याच्यामुळे. पंखांना काळी टोके असलेला तो शार्कचा पोर होता, गुडघाभर पाण्यात फिरणारा. तिच्या ओरडण्याने तोच पळाला.

बाकी पाहिले ते थोडक्यात सांगणे अवघड आहे. समुद्रफुलाच्या शुंडकांत लपणारे नारिंगी क्लाउनफिश. खडकात रुतून बसलेला, निळ्या-जांभळ्या ओठांचा मोठा शिंपला. त्याच्या ओठांतही शैवाल पोसलेले असते, म्हणून तो उन्हात तोंड उघडून बसतो. समुद्रकाकडी नावाचा, पडलेल्या मोज्यासारखा दिसणारा प्राणी. दिसायला अगदी निरुपयोगी, पण दिवसभर वाळू खाऊन त्यातला मळ पचवतो आणि स्वच्छ वाळू मागे टाकतो. परदेशात याला मोठी किंमत येते, त्यामुळे चोरटी शिकार होते. २००१ पासून समुद्रकाकडीला आणि कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून आणायचा नाही. रंगीत शंखाला तर हातच लावू नये. शंकूच्या आकाराच्या काही शंखांतली गोगलगाय विषारी सुई मारते.

आणि कासवे. हिरवी समुद्री कासवे समुद्रगवत चरतात. आम्हाला ती पाहून आनंद झाला, तेव्हा इक्का हसले आणि म्हणाले की सगळ्यांना एवढा आनंद होत नाही. अगत्तीच्या लगूनमध्ये कासवे पुष्कळ झाली, त्यांनी गवताची कुरणे खाऊन विरळ केली आणि गवतात वाढणारे मासे घटले, अशी तिथल्या मच्छीमारांची तक्रार होती. अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा तक्रारीत तथ्य निघाले. कासव वाचवायचे हे मला पाठ आहे, चित्रकलेच्या स्पर्धेत मी ते काढलेही आहे. पण कासव वाचले की प्रश्न संपला असे नाही, हे मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी इक्कांनी आम्हाला लगूनच्या वेगळ्या भागात नेले. इथे फांद्यांचे प्रवाळ होते, पण करडे, शेवाळलेले, अर्धे मोडून तळाला पडलेले. पडझड झालेल्या वाड्यासारखे. मासेही तुरळक. ते म्हणाले, "माझ्या लहानपणी इथे पाय ठेवायला जागा नव्हती."

हे होते ते पाणी तापल्यामुळे. एखाद्या ठिकाणच्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळाच्या कातडीतल्या शैवालाचे काम बिघडते आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. रंग शैवालाचा होता, तो गेला. आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला ब्लीचिंग म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत थंड झाले तर शैवाल परत येते. नाही झाले तर तो मरतो, सांगाड्यावर शेवाळ चढते आणि मग लाटा तो मोडतात.

लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठे ब्लीचिंग झाले, आणि २०२४ मध्ये पुन्हा. अगत्ती, कदमत आणि कवरत्तीच्या प्रवाळांवर शास्त्रज्ञांनी १९९८ पासून सतत नजर ठेवली आहे. तेव्हा सुमारे ३७ टक्के तळ जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. २०२२ मध्ये तो सुमारे १९ टक्क्यांवर आला. दर वेळी प्रवाळ सावरतात, पण त्यांना मधे काही वर्षे शांततेची लागतात आणि दोन तडाख्यांमधले अंतर पुरत नाही. बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला उठायला दहा आकडे तरी मोजतात.

प्रवाळ गेले तर पोहणाऱ्यांची हौस जाईल, एवढाच प्रश्न असता तर मी हा लेख लिहिला नसता. पण बाहेरच्या कड्यावर जिवंत प्रवाळांची भिंत आहे म्हणून पावसाळ्यातल्या लाटा तिथे फुटतात आणि बेटापर्यंत त्यांचा जोर पोहोचत नाही. ही भिंत रोज झिजते आणि रोज बांधली जाते. बांधणारे मेले की फक्त झीज उरते. बंगारमच्याच कंकणद्वीपात परळी नावाची छोटी बेटे आहेत. (नाव ऐकून आम्हाला आपली परळी वैजनाथ आठवली.) त्यातले परळी-१ हे बेट १९६८ मध्ये ०.०३२ चौरस किलोमीटरचे होते. २०१७ मध्ये अभ्यासकांनी नोंदवले की ते झिजून पूर्ण नाहीसे झाले आहे. त्याच्यावर कोणी राहत नव्हते, म्हणून बातमी मोठी झाली नाही.

मासेमारीचाही इथे संबंध आहे. लक्षद्वीपचे कोळी कुपा, म्हणजे टूना, जाळ्याने ओढत नाहीत. गळकाठीने एकेक पकडतात. त्यासाठी आधी लगूनमधून बोटाएवढे जिवंत मासे आमिष म्हणून धरतात आणि खुल्या समुद्रात ते फेकून कुप्यांचा थवा बोटीजवळ आणतात. हे आमिषाचे मासे प्रवाळांच्या आसऱ्याने राहतात. प्रवाळ नाही तर आमिष नाही, आमिष नाही तर कुपा नाही. खुल्या समुद्रातल्या माशाचे नशीब गुडघाभर पाण्यात ठरते.

मग आपल्यासारख्यांनी तिथे जावे का? बाबा आणि मी यावर रात्री बराच वेळ बोललो. विमानाने जाणारा माणूस समुद्र तापवायला हातभार लावतोच, असे माझे म्हणणे. बाबांचे म्हणणे, पाहिल्याशिवाय कोणाला किंमत कळत नाही, आणि इक्कांचे घर पाहुण्यांवर चालते. आमचे एकमत झाले नाही. जाणाऱ्याने निदान काय करू नये, यावर मात्र झाले : प्रवाळावर उभे राहायचे नाही, थकलो तर उताणे तरंगायचे, माशांना ब्रेड-बिस्किटे घालायची नाहीत, आणि काही सनस्क्रीनमधली रसायने प्रवाळांना घातक असतात, तेव्हा पाठीला क्रीम फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालूनच पाण्यात उतरायचे. हवाई बेटांनी तशा दोन रसायनांच्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदीच घातली आहे. आपला पीटीचा टी-शर्ट या कामाला उत्तम.

ज्या पालकांना जायचे असेल त्यांच्यासाठी शेवटी थोडी माहिती. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ ठीक. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. परवान्याला वेळ लागतो, म्हणून सुट्टीच्या तारखा कळताच अर्ज करावा. फिन्स तिथे मिळतात, पण मास्क शक्यतो स्वतःचा न्यावा. तो पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर मापाचा आहे. चष्मा असलेल्यांना नंबरच्या काचांचा मास्क बनवून मिळतो. माझ्या बहिणीला तो नव्हता, आणि तीन दिवस ती मला विचारत होती की तो निळा मासा नक्की केवढा होता.